आईचा लांबचा रस्ता

मागच्या वर्षी मे ते जुलै आई आमच्याकडे उइटहॉर्नला होती. माझ्या लेकीला शाळेतून आणण्याचे काम तिने पहिल्याच आठवड्यात आपणहून अंगावर घेतले. शाळेपासून घरापर्यंत आम्स्टेल नदीच्या काठाने सरळ रस्ता आहे. विल्हेल्मिनाकाडेवर नदीकडे तोंड करून खानावळी आहेत. ऊन पडले की त्यांच्यासमोरच्या खुर्च्या भरतात आणि निवृत्त डच माणसे कॉफी पुढ्यात घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत बसतात. आई त्या रस्त्याने येत नसे. ती घरांच्या मागच्या अंगाने, पाण्याच्या कडेकडेने, दहा मिनिटे जास्त चालून येई. आम्हाला वाटले, तिला सायकलींची धास्ती असेल. एके दिवशी लेकीने विचारले, "आजी, आपण रोज लांबून का येतो गं?" आई म्हणाली, "तिकडं माणसं बसलेली असतात ना, बाई."

सात वर्षांच्या मुलीला हे कारण कळण्यासारखे नव्हते. मला मात्र ऐकताक्षणी कळले, आणि हातातला कुकर तसाच ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले.

माझे आजोळ जालना जिल्ह्यात आहे. गावाचे नाव देत नाही. वाचकांपैकी अनेकांच्या आजोळचा नकाशा याहून वेगळा नसेल. फाट्यावर एसटीतून उतरले की रस्ता सरळ वेशीतून आत जातो. वेशीच्या आत पार, पारावर माणसे. आपली वस्ती गावाच्या पलीकडच्या अंगाला. सरळ गेले तर पाच मिनिटांची वाट. पण आईच्या लहानपणी आपल्या बायका त्या वाटेने जात नसत. ओढ्यात उतरायचे, काठाकाठाने गावाला वळसा घालायचा आणि मागून वस्तीत शिरायचे. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. आई आठ वर्षांची असताना एकदा तिच्या आईचे औषध घेऊन घाईघाईने वेशीतून आली. पारावरून कोणीतरी हाक मारली, कुणाची कोण म्हणून विचारले, पायातल्या चपला हातात घ्यायला लावल्या. संध्याकाळी आजोबांना बोलावणे आले. पुढे काय झाले ते आईने मला आजवर सांगितलेले नाही.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती औरंगाबादला आली. त्याला चव्वेचाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांनंतर, सुमारे सात हजार किलोमीटर दूर, ज्यांना तिची जात विचारता येत नाही आणि सांगितली तरी कळणार नाही अशा माणसांच्या समोरून ती जात नाही. हा तिचा भित्रेपणा नव्हे. सहा जणींची घरे चालवणारी, पोलीस ठाण्यात जाऊन फौजदाराशी भांडलेली ती बाई आहे. मग हे काय आहे, या प्रश्नाने मला कित्येक रात्री मेंदूविज्ञान वाचायला लावले. मी सॉफ्टवेअर लिहिते. या विषयातली जाणकार नाही. पण जे वाचले त्यातून आपल्या समाजाने, विशेषतः परदेशी राहणाऱ्या आपण, काही निर्णय वेगळे घ्यायला हवेत असे माझे मत झाले आहे. ते येथे मांडते.

जागांची आठवण मेंदूत कशी राहते याचा उलगडा होऊ लागला तो १९७१ साली. लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी मोकळेपणी फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून पाहिले. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातील काही पेशी उंदीर एका ठरावीक ठिकाणी आला की जाग्या होत. दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या पेशी. यांना स्थानपेशी म्हणू. २००५ साली नॉर्वेतील माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्या भागात अंतराची आखणी करणाऱ्या जाळीपेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. थोडक्यात, प्रत्येकाच्या डोक्यात चालून चालून तयार झालेला एक नकाशा असतो.

या नकाशाच्या अगदी लगत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. भीतीचे आणि इतर तीव्र भावनांचे ते मोठे केंद्र. १९९२ मध्ये अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकच गोष्ट दाखवली. एका पेटीत उंदराला आधी आवाज ऐकवायचा आणि मग विजेचा सौम्य झटका द्यायचा. पुढे तो उंदीर नुसत्या आवाजानेही गोठतो, आणि आवाज नसताना नुसत्या त्या पेटीत ठेवले तरी गोठतो. अमिग्डालाला इजा केली तर दोन्ही भीती जातात. हिप्पोकॅम्पसला इजा केली तर आवाजाची भीती राहते, पण पेटीची जाते. म्हणजे भ्यायचे हे एक केंद्र शिकते, आणि कुठे भ्यायचे हे दोघे मिळून शिकतात. जेम्स मॅकगॉ यांच्या कित्येक वर्षांच्या कामातून दिसले की भावना उसळते तेव्हा शरीरात जी ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये सुटतात, ती अमिग्डालामार्फत हिप्पोकॅम्पसमधील आठवण पक्की करतात. २००४ साली याहून पुढचे एक निरीक्षण आले: झटका बसल्यानंतर त्या जागेच्या स्थानपेशींची मांडणीच काही अंशी बदलते. आमच्या धंद्यात नकाशा एका थरात ठेवतात आणि त्यावरच्या खुणा दुसऱ्या थरात. हवा तेव्हा खुणांचा थर बंद करता येतो. मेंदूने अशी सोय ठेवलेली नाही. भीतीची खूण नकाशाच्या रेषेतच मुरते.

हे वाचताना मला सारखे बाबासाहेबांचे एक लिखाण आठवत होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेखानी आत्मकथन त्यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास लिहिले आणि ते पुस्तिकारूपाने निघाले १९९० मध्ये. त्यातला पहिला प्रसंग १९०१ चा. बाबासाहेब नऊ वर्षांचे, कुटुंब साताऱ्याला. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. स्टेशनमास्तरला जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ डबा भरलेला, पण प्यायला पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, मिळाले नाही. उपाशीच झोपले, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोचले.

लेख पुन्हा उघडून पाहा, त्यात किती भूगोल आहे. गाडी मसूरला किती वाजता लागली, स्टेशनावर किती वेळ थांबलो, वाटेतले घाण वासाचे पाणी कुठे लागले, नाकेदाराची झोपडी टेकडीच्या कोणत्या अंगाला होती, तिथे किती गाड्या सुटलेल्या होत्या. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला चाळिशीतला माणूस पस्तीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आणि एक रात्र मैलामैलाने सांगतो. त्याआधी बाबासाहेबांनी आगगाडीचा प्रवास केलेला नव्हता, म्हणून ती मुले केवढ्या आनंदाने निघाली होती हेही तिथे आहे. आनंद आणि अपमान एकाच वाटेवर इतक्या जवळ आले की वाट कायमची कोरली गेली. पुढच्या प्रकरणांतही तेच: बडोद्याची पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा तो टांगा, दौलताबादच्या किल्ल्याजवळचे टाके. लेखाची बांधणी जागांवर आहे. आपल्याकडे या लेखाचा उल्लेख झाला की आपण अन्यायाची यादी वाचतो. मला तो एका मनाचा नकाशाही वाटतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की देश सोडला, जातीच्या बाहेर आलो, आता ती भीती संपली. माझीही होती. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मी लेकीला घेऊन आजोळी गेले. गाडी फाट्यावर सोडली, म्हटले तिला चालत गाव दाखवू. चार पावले सरळ गेले आणि पुढे पार दिसला. पारावर तीन-चार म्हातारी माणसे होती, त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नसेल. माझे पाय ओढ्याकडे वळले. मी लेकीचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "मम्मा, दुखतंय." गावात दरम्यानच्या काळात आपल्या वस्तीतला माणूस राखीव जागेवर सरपंच होऊन गेलेला. मला वेशीत कोणी कधी अडवलेलेही नाही. मी फक्त लहानपणी सुटीत आईचा हात धरून त्या ओढ्याने चाललेली होते.

याचे स्पष्टीकरण एका जुन्या प्रयोगात आहे. १९७९ साली मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी उंदरांना एका पेटीत भीती शिकवली आणि ती दुसऱ्या पेटीत घालवली. म्हणजे तेथे तोच इशारा पुन्हा पुन्हा दिला, पण झटका दिला नाही. उंदीर शांत झाले. मग त्यांना पहिल्या पेटीत परत ठेवले. भीती परतली. तेव्हापासून हे वारंवार तपासले गेले आहे, आणि त्यातून जे समजले ते असे: भीती जाते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी 'येथे धोका नाही' असे नवे शिक्षण होते, आणि ते नवे शिक्षण ज्या जागी झाले त्या जागेला बांधलेले राहते. उइटहॉर्नमध्ये बारा वर्षे मी जे शिकले ते उइटहॉर्नपुरते होते. फाट्यावर उतरताच जुनी पेटी उघडली.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ आणि २००४ मध्ये केलेले काम याला आणखी एक बाजू देते. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास बांधून ठेवले, तर हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डालातील पेशींच्या फांद्या उलट वाढतात. नंतर एकवीस दिवस त्रास न देता ठेवले तर हिप्पोकॅम्पस सावरतो, पण अमिग्डालातील वाढ तशीच राहते. उंदरावरून माणसावर उडी मारण्याची घाई मी करणार नाही. पण 'आता सगळे चांगले आहे, मग अजून का?' असा प्रश्न आपल्या आईवडिलांना विचारण्यापूर्वी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. सावरण्याचा वेग मेंदूच्या सगळ्या भागांत सारखा नसतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग हा आजार आहे, समुपदेशकाकडे जा. माझ्या आईचा अमिग्डाला आजारी नाही. त्याने आपले काम चोख केले. आठ वर्षांच्या मुलीला वेशीत खरोखर धोका होता, आणि तो पुन्हा पत्करू नये म्हणून मेंदूने त्या जागेवर खूण केली. दोष पाराचा होता. पीडित समाजाला रुग्ण ठरवून पीडा देणाऱ्याला विसरण्याची पद्धत जगभर आहे. आपण तरी ती उचलू नये. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन, हे सगळे तथागतांनी आधीच सांगून ठेवले आहे, असेही म्हणू नये. फस्स, वेदना, तण्हा या क्रमात वेदनेपाशी थांबून तिच्याकडे पाहायला धम्म शिकवतो, त्याचा मला फाट्यावर उभी असताना उपयोग झाला, हे खरे. पण उंदराच्या मेंदूतील तारा तेथे नव्हत्या आणि त्या तेथे शोधण्याची गरजही नाही.

भीती जिथे शिकली तिथेच नवे शिकावे लागते, हे मान्य केले की महाडकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळालेला होता. तळ्याकडे कोणी जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी परिषदेला आलेल्या हजारो माणसांना मंडपातून उठवून, महाडच्या रस्त्यांतून चालवत तळ्यापर्यंत नेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पाण्यासाठी नव्हे, समतेसाठी आलो आहोत, हे त्यांनी स्पष्ट केले होते. वेगळी विहीर मागून तहान भागली असती. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या रस्त्याने आपले पाय वळत नव्हते त्याच रस्त्याने, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, सोबतीने चालणे, हे इतर कोणत्याही जागी होण्यासारखे नव्हते.

महाडला मी मनोपचार म्हणत नाही. ती हक्काची लढाई होती. शिवाय प्रयोगशाळेत दुसऱ्यांदा झटका देत नाहीत, महाडमध्ये तो दिला गेला. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला, नंतर गोमूत्र-शेण घालून तळे 'शुद्ध' केले गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडले. तरीही माणसे त्या जागी परत परत गेली, आजही जातात. जिच्यावर भीतीची खूण होती त्या जागेवर आता दुसरीही एक खूण आहे, आणि ती चालून केलेली आहे.

आता मुलांविषयी. गेल्या एप्रिलमध्ये आपल्या मंडळाच्या जयंती कार्यक्रमानंतर जेवताना जी चर्चा झाली ती अनेकांना आठवत असेल. एक मत असे की मुलांना यातले काही सांगूच नये. ती डच मुलांबरोबर वाढत आहेत, त्यांच्या डोक्यात गाव आणि जात कशाला? दुसरे मत असे की सगळे आत्ताच दाखवावे, अत्याचाराच्या चित्रफितींसह, नाहीतर मुले विसरतील. दोन्ही बाजूंना आपल्या लेकरांची काळजीच आहे. मला दोन्ही मार्ग चुकीचे वाटतात.

न सांगण्याचा मार्ग टिकणार नाही. आम्स्टेलवेनमध्ये एका भारतीय घरच्या वाढदिवसाला लेकीच्या मैत्रिणीच्या आजीने मला पहिल्या पाच मिनिटांत गाव विचारले, दुसऱ्या पाच मिनिटांत माहेरचे आडनाव, आणि मग ती पदार्थ वाढायला दुसऱ्या टेबलाकडे गेली. लेक माझ्याकडे पाहत होती. आपण बोललो नाही तरी मुले आपला खांदा, आवाज, हाताची पकड वाचतात. अमेरिकेत सुझन मिनेका यांनी १९८४ मध्ये माकडांवर हे दाखवले. प्रयोगशाळेत जन्मलेली पिल्ले सापाला भीत नव्हती. जंगलात वाढलेल्या आईबापांना सापासमोर घाबरताना पाहिले आणि ती घाबरू लागली. स्वतः एकदाही साप चावला नाही. मी ओढ्याची वाट अशीच शिकले. पण १९८६ मध्ये त्यांनी जे पाहिले ते आपल्या जास्त कामाचे आहे. ज्या पिल्लांनी आधी निर्भय माकडाला सापाजवळ पाहिले होते, त्यातली बहुतेक नंतर भेदरलेले माकड पाहूनही घाबरली नाहीत. क्रमाला महत्त्व आहे. मुलांनी जागा आधी कोणाबरोबर पाहिली, भिणाऱ्याबरोबर की न भिणाऱ्याबरोबर, यावर पुढचे पुष्कळ ठरते. चित्रफितीपासून सुरुवात करणारे हा क्रम उलटा करतात.

आणखी एक बोलणे हल्ली आपल्यात पसरले आहे, की पूर्वजांची भीती आपल्या जनुकांतून मुलांत उतरली आहे. त्यासाठी उंदरांच्या वासाच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो प्रयोग झालेला आहे, त्यावर वादही आहेत, आणि माणसांबाबत त्यावरून काही ठामपणे म्हणता येत नाही. मला त्याहून मोठी अडचण दिसते. बापाकडून लेकरात रक्तावाटे काहीतरी उतरते आणि ते चालून, शिकून, झगडून बदलत नाही, हा सिद्धांत आपल्याला नवा नाही; त्याच सिद्धांताने आपल्याला वेशीबाहेर ठेवले. तो नव्या शब्दांत आपणच घरात घ्यावा हे मला पटत नाही. माझ्या लेकीच्या रक्तात ओढा नाही. तिच्या हातावर फक्त माझी बोटे उमटली होती.

या मुलांचे येथले नकाशे पाहिले की मला हेवा वाटतो. चार संध्याकाळी गावभर चालण्याचा जो डच उपक्रम असतो त्यात लेक पाच किलोमीटर चालली, शेवटच्या दिवशी गळ्यात फुले घालून. मोठ्या वर्गात ही मुले सायकलवरून रहदारीची परीक्षा देतील. कपडे आणि बूट घालून पाण्यात पोहण्याची परीक्षा तिने दिली आहे, कारण या देशात पाणी सर्वत्र आहे आणि त्याची भीती शिकवून भागत नाही, पोहणे शिकवावे लागते. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ च्या एका प्रसिद्ध निबंधात अरुंद आणि रुंद नकाशांचा फरक मांडला होता. फार ताण, फार वंचना असेल तर प्राणी एकच चिंचोळी वाट शिकतो. वाट बंद झाली की अडतो. रुंद नकाशा असलेला दुसरी वाट काढतो. उंदरांवरून ते थेट माणसांमधील द्वेषापर्यंत गेले होते. आपल्या मुलांचे नकाशे रुंद आहेत. त्यात महाराष्ट्र मात्र विमानतळ, मामाची सदनिका आणि एक मॉल एवढाच आहे.

म्हणून माझी सूचना. नाताळच्या सुटीत आपण महाराष्ट्रात जातोच. येथे पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची, एरवी रजा मिळत नाही, दंड होतो. २० मार्च, १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरला मुलांना नेणे बहुतेकांना अशक्य. २५ डिसेंबर मात्र दरवर्षी सुटीत येतो. त्या दिवशी, किंवा गर्दी नको असेल तर मागेपुढे, चार-सहा कुटुंबांनी मिळून महाडला जावे. गाडी गावाबाहेर सोडावी आणि क्रांतिस्तंभापासून तळ्यापर्यंत मुलांना चालू द्यावे, वाट त्यांनाच शोधू द्यावी. खिडकीतून दाखवून येऊ नये. उंदराला स्वतः चालू न देता खेळण्यातल्या गाडीतून फिरवले तेव्हा त्याच्या स्थानपेशींचा नकाशा पसरट झाला होता; आपली पर्यटक गाडी त्याहून वेगळी नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून डबा खावा. मुले हसतील, भांडतील, कंटाळतील, तेही चालेल. आनंदाच्या जागाही त्याच केंद्राच्या मदतीने पक्क्या होतात. १९२७ मध्ये येथे काय झाले ते मग तेथेच सांगावे, सगळे, हल्ल्यासकट. ऐकणाऱ्या मुलाच्या पायाखाली तेव्हा ती जागा असेल आणि शेजारी न भिणारी माणसे असतील. पुढच्या वर्षी दीक्षाभूमी. आजोळ त्यानंतर.

आजोळी जाताना पारासमोरून जायचे की ओढ्याने, हे ज्याचे त्याने ठरवावे. अजूनही अशी गावे आहेत जिथे ओढ्याची वाट शहाणपणाची आहे, आणि तिथल्या माणसाला उइटहॉर्नमध्ये बसून धैर्य शिकवण्याचा मला अधिकार नाही. मी मात्र येत्या डिसेंबरात लेकीला घेऊन वेशीतून जाणार आहे. मामाला सांगून ठेवले आहे, तो म्हणाला, "ये की, मी फाट्यावर येतो, संगं जाऊ."

जुलैत आई परत जाण्याच्या आधीच्या आठवड्यात लेकीने तिला हाताला धरून एकदा नदीच्या बाजूने आणले. खुर्च्यांवरच्या एका आजोबांनी हात हलवला, आईनेही हलवला. मला वाटले, झाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागच्या वाटेने आली. मी काही बोलले नाही, तीच म्हणाली, "अगं, तिकडचं आवडलं मला. पण इकडं बदकं आहेत, ती ओळखायला लागलीत आता." महाडला ती येणार आहे. गावाचे काय ते तिथे ठरवू म्हणते.